रांगेत एक जास्त

'चित्र एकदम स्वच्छ, डबा देखणा, आत फोटोंचं पुस्तकही दिलंय. पण शेवटच्या माघारीत चिखलातून सात जण चालतात आणि पावलं आठ जणांची ऐकू येतात. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा मोजलं. आवाजवाले झोपले होते काय? एक तारा कापला.'

हे वाचलं तेव्हा तिच्या एका पायात उंच टाचेची चप्पल होती आणि दुसरा पाय स्टुलावर, घोट्याला पट्टी अर्धी गुंडाळलेली. घोटा वाजायचा तिचा. चालता चालता मध्येच कट्ट करून, वाळकी काडी मोडावी तसा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, पण तिचा धंदाच पावलांचा, पडद्यावरची माणसं चालतात त्याचे आवाज स्टुडिओत स्वतः चालून भरायचे, तेव्हा रोज कामाला उभं राहण्याआधी पट्टी आवळून घोट्याचं तोंड बंद करायचं. आज एका मालिकेतल्या रागावलेल्या सुनेला जिन्यावरून उतरवायचं होतं. मजकूर फोनवर पाठवला होता दादांनी. दादा म्हणजे मिक्सर, काचेपलीकडे बसून सगळ्यांचे सुटे सुटे आवाज एकमेकांत मुरवणारा माणूस. खाली त्यांनी स्वतःची ओळ जोडली होती: काय गं पावलंवाली, हे भूत कुठून पैदा केलंस? ती हसली. मग ओठ हसल्यासारखेच राहिले आणि मागून सगळं ओसरत गेलं, तोटी उघडी राहिलेल्या टाकीसारखं. आठ. तिनं पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. काचेवर टकटक झाली. 'सून जिन्यात ताटकळलीय, बाई.' ती उठली. सून रागारागानं उतरली, पण शेवटच्या पायरीवर का कोण जाणे थबकली, आणि दादा आतून ओरडले, 'अगं, भांडण झालंय तिचं! कुणाची आठवण नाही आली!'

तो लढाईचा सिनेमा येऊन गेला त्याला बराच काळ लोटला होता. थिएटरात कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. तिथे त्या माघारीवर वाऱ्याचा आणि वाद्यांचा असा काही लोंढा सोडला होता की सातच काय, सातशे माणसं चालून गेली असती तरी कळलं नसतं. आता घरी बघायची डिस्क निघाली, तिच्यासाठी वाद्यं खाली घेतली, वारा पातळ केला, आणि खाली गाडलेलं सगळं वर आलं. बसमध्ये खिडकीपाशी बसून ती दुकानाच्या पानावर लोकांची मतं वाचत राहिली. एकाखाली एक, अंगठा सरकवेल तितकी. 'डिस्क वेळेवर मिळाली. सिनेमा अजून पाहिलेला नाही. चार तारे.' 'आठ पावलं ऐकून टीव्ही बिघडला असं वाटलं. मेकॅनिकला बोलावलं तर तो मांडी ठोकून अख्खा सिनेमा बघून गेला.' 'आठवा म्हणजे मृत्यू. दिग्दर्शकाला सलाम. ज्यांना कळत नाही त्यांनी कार्टून बघावं.' त्याखाली कुणीतरी, 'मृत्यूला बूट कशाला लागतात हो?' त्याखाली हसणारी तोंडं, रांगेनं. तिनं बाहेर पाहिलं. थांब्यावर एक माणूस बस सुटेल म्हणून धावत होता, आणि तिला सवयीनं त्याचे पाय दिसले नाहीत, खांदे दिसले. पायांवर विश्वास ठेवायचा नसतो. पडद्यावरच्या माणसाचा खांदा खाली गेला की वजन पडलं समजायचं आणि तेव्हा आपलं पाऊल टाकायचं. हे तिला दादांनीच शिकवलं होतं, पहिल्या दिवशी. आणि सात माणसं असली तर सात वेळा. एकाला आधी चालवून आणायचं, चित्र मागे घ्यायचं, बूट बदलायचे, मग दुसऱ्याला. म्हणजे ते सातही जण तीच. खोलीच्या कोपऱ्यातल्या लांबट कुंडात, भिजवलेल्या जुन्या टॉवेलांवर आणि कागदाच्या लगद्यावर, वर नावाला थोडी माती, तिनं एकटीनं एक अख्खी हरलेली तुकडी परत आणली होती.

'माझे वडील युद्धात होते. हा सीन लागला आणि ते म्हणाले, बंद कर. तारे किती द्यायचे कळत नाही.'

तिनं फोन पालथा घातला.

धाकट्या भावाला घरात शेपूट म्हणत. तिचं शेपूट. ती शाळेला निघाली की हा मागे, दुकानात निघाली की हा मागे, मैत्रिणीकडे गुपित सांगायला निघाली तरी हा मागे, नाकातून फूं फूं करत. तिचे पाय लांब, चाल झपाझप, त्याचे आखूड. 'ताई, थांब ना.' 'तू ये ना.' मग त्यानं एक युक्ती काढली. दोन पावलं टाकायची, मध्येच एक अर्धं पाऊल चोरून उडी मारायची आणि तिच्या पावलाला पाऊल मिळवायचं. टप्, टप्, टटप. रस्त्यावर तिच्या मागे सतत तो आवाज. इतका सवयीचा की तापानं तो घरी राहिला त्या दिवशी ती अर्ध्या वाटेत वळून उभी राहिली होती, काय चुकतंय ते कळेना म्हणून. पुढे तो ताडमाड वाढला, ती मागे पडायला लागली. पण उडी तशीच राहिली, उलटी. आता तो थांबून, अर्धं पाऊल गिळून, तिला गाठू द्यायचा. अंधाऱ्या जिन्यात दिवा लावायच्या आधीच वरून म्हणायचा, 'आली बघ ताई, घोटा वाजला.' सैन्यात गेला आणि पहिल्या रजेवर आला तेव्हा पोट धरधरून हसत होता. 'ताई, तिथे माझ्या उडीला हुकूम आहे! पाय चुकला की ओरडतात, पाय बदल. सगळी पलटण माझ्यासारखी उडी मारते. मी लहानपणापासून फुकट करत होतो.' आई म्हणाली, 'मग पगारात वाढ माग.' तो हसला, त्यानं जुने बूट दाराशी सोडले, नवे घातले आणि गेला. ते जुने बूट पुढे तिनं स्टुडिओच्या फळीवर नेऊन ठेवले. चांगले वाजायचे. त्या बुटांत तिनं चोर चालवले, घरमालक चालवले, नायिकांचे कडक बाप चालवले; शेपूट अजून लग्नाचा नव्हता आणि कितीदा तरी कुणाकुणाचा बाप होऊन गेला.

जिन्यावरून अनोळखी पावलं आली तेव्हाच तिला कळलं होतं. दोघं, त्याच्या पलटणीतले. एकाच्या बुटाचा तळ करकरत होता. ते बसले, पाणी प्याले, भांडं कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना म्हणून ते हातातच धरून राहिले. तुकडी माघार घेत होती, दलदलीतून, धुक्यात. पलीकडे पोचल्यावर मोजले तर एक कमी. बेपत्ता म्हणायचं, त्याच्या पुढे काही म्हणता येणार नाही. रांगेत शेवटचा होता. आईनं विचारलं, 'त्याच्या मागे कोण होतं?' करकरत्या बुटांचा माणूस खाली बघत म्हणाला, 'शेवटचा म्हटल्यावर मागे कोण असणार, आई? कुणी असतं तर पाहिलं असतं.' गेले. जिना उतरतानाही करकर. त्यानंतर आईनं कितीतरी दिवस कुठल्याही ओळीत कुणाला शेवटचं उभं राहू दिलं नाही, दवाखान्यात असो की दुकानात. मागच्याला म्हणायची, तू जा रे पुढे, मी आहे मागे. लोकांना वाटायचं, काय भली बाई.

आणि मग हा सिनेमा आला होता, माघार घेऊन, धुकं घेऊन. दादांनी तेव्हा विचारलं होतं, 'दुसऱ्या कुणाला सांगू का? जमेल तुला?' ती म्हणाली होती, 'काम आहे, दादा.' त्या दिवसातलं तिला फारसं आठवत नव्हतं. टॉवेल गार पडले होते. बोटं सुरकुतली होती. दिवस संपत आला तेव्हा ती त्याच्या बुटांत शिरली होती, एवढं नक्की. आतल्या तळाला त्याच्या टाचेचा खळगा होता. आणि काचेपलीकडे दादांनी बोट वर केलं होतं: अजून एक? तिनं मान डोलावली होती. पुढे कोरं. म्हणजे तोच. पडद्यावर नसलेला एक माणूस तिनं रांगेत घुसवला होता, शेवटचा. आणि शेवटचा म्हणजे दुसरा कोण? ती बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या आत, खोल कुठेतरी, चोराला वाटावा तसा आनंद झाला. इतके लोक त्याला ऐकत होते. घराघरांतून. शिव्या देत, पण ऐकत होते.

कंपनीनं तिला एक डिस्क भेट दिली होती, ती कपाटावर तशीच पडून होती, वरचा चकचकीत कागदही न काढता. आईची नजर आता उजेड आणि अंधार एवढ्यापुरतीच उरली होती. 'आई, सिनेमा लावू?' 'कसला?' 'लढाईचा.' 'लाव. मला कुठे रक्त दिसणारेय.' तिनं थेट माघारच लावली. खोली धुक्यानं पांढरी झाली, आई पलंगावर उशीला टेकून, मान किंचित तिरकी, कान पुढे. पावलं आली. आई सिनेमा बघत नव्हती, जिन्यावर कोण येतंय ते ओळखत होती. 'हा पहिला जड आहे बाई. घरचा थोरला असणार. सगळ्यांचं ओझं ह्याच्याचकडे. बायको, पोरं, सगळं असेल मागे.' चप्प, चप्प. 'दुसऱ्याला बूट चावतोय. हा कोण, पोरसवदा दिसतो, उगाच पाय आपटतोय, भीती वाटतेय त्याला.' असं करत करत आई एकेकाला घरचं करत गेली. आणि मग टप्, टप्, टटप. आईचा हात चादरीवरून फिरत होता, तो थांबला. 'पुन्हा लाव,' आई म्हणाली. तिनं पुन्हा लावलं. 'पुन्हा.' मग आई उशीत मागे सरकली. 'आणि अगदी शेवटी एक हलकं पाऊल आहे,' ती डोळे मिटून म्हणाली. 'पोटात अन्न नसल्यासारखं. पण चालतंय हो. सोडत नाही.' ती आईच्या पायांपाशी बसली होती. उपाशी होता, तिला वाटलं. शेवटी शेवटी हलका झाला होता.

'ऐक,' दादा फोनवर म्हणाले, 'हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिली नाही. लोक डिस्क परत पाठवतायत. नवी खेप काढणार आहेत, चूक दुरुस्त करून. तू ये. जास्तीचा कोणता ते दाखव, मी बंद करतो, पाच मिनिटांचं काम आहे.' 'तुम्हीच बघा ना, दादा.' 'मी काय बघू? धुक्यात सगळे सारखेच. कुणाचे पाय कुणाचे ते तुलाच ठाऊक.' 'राहू दे ना.' 'काय राहू दे?' 'असू दे एक जास्त. लोक काय, बोलतात आणि विसरतात.' 'बाई, पडद्यावर सात आहेत,' दादा सावकाश म्हणाले. 'आठवा ठेवायला मी त्यांना काय कारण सांगू?' कारण तिच्याकडे होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. ते घरी येऊन गेले होते तेव्हा, आईपाशी बसले होते. पण ते कंपनीला सांगण्यासारखं नव्हतं. कुठल्याच कंपनीला.

ती गेली ती नाही म्हणायचं ठरवूनच. जिन्यात, रस्ता ओलांडताना, बसमध्ये उभ्यानं, तिनं वाक्यं जुळवली. सांगेन, तो अर्थ आहे म्हणून. त्या कार्टूनवाल्यानं लिहिलंच आहे, आठवा म्हणजे मृत्यू. दिग्दर्शकालाही आवडेल, त्यालाही वाटेल आपण असंच योजलं होतं. मग वाटलं, मृत्यू कसा? तो मृत्यू नव्हे, तो शेपूट आहे. नाही म्हणून रडेन. काहीच नाही जमलं तर दाराशी उभी राहीन. स्टुडिओच्या बोळात जाड गालिचा होता, पावलांचा आवाज गिळणारा. तिथे ती नेहमी स्वतःला नसल्यासारखी वाटायची. दादा चष्मा कपाळावर चढवून बसले होते. 'बस. एकेकाला सुटा करून ऐकवतो. जास्तीचा आला की हात वर कर.' दिवा मंद झाला. धुकं आलं. पहिला. जड, सगळ्यांचं ओझं घेतलेला. समोरच्या पडद्यावरही पहिला तसाच, खांदे पाडून, आणि सगळ्यांच्या आधी पांढऱ्यात विरून गेलेला. दुसरा. चावणारा बूट. प्रत्येकात तीच होती, आणि प्रत्येकात ती कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. सातवा सुरू झाला. पडद्यावरचा सातवा, रांगेतला शेवटचा, उंच, गळ्यापर्यंत गुंडाळलेला. आणि चिखलात टप्, टप्, टटप. तिचा हात वर जायला निघाला आणि मांडीवरच राहिला. बूट त्याचेच होते. टाचेचा खळगाही जणू ऐकू येत होता. पण हा जास्तीचा नव्हता. ह्याला पडद्यावर अंग होतं, खांदे होते, खांद्यागणिक पाऊल बरोबर पडत होतं. तो पहिल्यापासून रांगेतच होता, हक्कानं, सातातला एक. त्याला कुणी काढणार नव्हतं. 'हा?' दादांनी विचारलं. तिनं मान हलवली, नाही. 'मग हा राहिला एकच.'

हलकं पाऊल. कापडी बुटाचं. पडद्यावर त्याला कुणी नव्हतं, नुसतं धुकं, शेवटच्या माणसाच्या मागचं रिकामं धुकं. पाऊल घाईत होतं, मध्येच चिखलात रुतत होतं, पुन्हा सुटत होतं. आणि मग, कट्ट. वाळकी काडी मोडावी तसं.

तिला सगळं एकदम आठवलं, गार टॉवेलांसकट. सातवा झाल्यावर तिनं त्याचे बूट काढले होते, घोट्याची भिजलेली पट्टी सोडून टाकली होती, घरी जायला स्वतःचे कापडी बूट घातले होते. चित्र तसंच लागलेलं होतं. तो उंच पाठमोरा चालला होता आणि त्याच्या मागे कुणी नव्हतं. दादांनी बोट वर केलं होतं. आणि ती तशीच, स्वतःच्या बुटांत, कुंडात उतरली होती. शेपटासारखी. आणि त्याची ती उडी, ती तर तिनं सातव्याच्या चालीत आधीच करून ठेवली होती, स्वतः त्याच्या मागे निघायच्याही आधी. रांगेतला शेवटचा माणूस अर्धं पाऊल गिळून थांबला होता, मागून यायच्या असलेल्या कुणासाठी तरी. आई म्हणाली होती, आणि अगदी शेवटी. 'आणि' म्हणाली होती. आईला दोघंही ऐकू आले होते.

'पट्टी सुटली होती वाटतं तुझी,' दादा हलकेच म्हणाले. त्यांनी आवाज थांबवला होता. 'हाच ना? काढू?' तिच्या जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. शेपूट सुरक्षित होता. जायचं होतं ते तिनं. एवढंच. हो म्हणायचं, उठायचं, गालिच्यावरून बिनआवाजाचं बाहेर पडायचं. तिनं पडद्याकडे पाहिलं. थांबलेल्या चित्रात तो उंच पाठमोरा उभा होता, आणि पाठीमागे पांढरं. 'पहिला काढा,' ती म्हणाली.

'काय?'

'पहिला. तो सगळ्यात आधी धुक्यात जातो. त्याचे पाय कुणी बघत नाही. सात पाहिजेत ना त्यांना? सात होतील.'

दादांनी चष्मा कपाळावरून काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला. 'हे काही बरोबर काम नाही हं, बाई,' ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा चढवला, एक बटण दाबलं, आणि रांग पुन्हा चालू झाली. 'तो घोटा तरी पुसून टाकू?' 'नको.' 'बरं,' दादा म्हणाले.

नवी खेप आली. वरचा डबा तोच, कोपऱ्यात छोटी पट्टी, सुधारित. तिनं मतं वाचली, कामावर, स्टुलावर पाय ठेवून. 'आता बरोबर. मोजले. सात. कापलेला तारा परत देतो.' 'शेवटी कट्ट असा आवाज येतो तो हाडाचा की बंदुकीचा? अप्रतिम.' कुणी पहिल्याबद्दल लिहिलं नव्हतं. ती शोधत राहिली, खालपर्यंत, कुणीतरी लिहील म्हणून. त्यांचे सगळ्यांचे कान सातावर येऊन थांबले होते. तिच्या ध्यानात आलं की आपण सुटलो म्हणून श्वास सोडायला हवा होता, आणि तो सुटत नव्हता.

नवी डिस्क आईला लावायचं तिनं टाळलं असतं, पण आईनंच विचारलं, 'ती लढाई आहे का अजून? ती चालण्याची?' तिनं लावली. आई उशीला टेकली, मान तिरकी. टप्, टप्, टटप, आणि मागून हलकं पाऊल, आणि कट्ट. आईनं हात पुढे केला, तिच्या पायापर्यंत पोचवला आणि घोट्यावर ठेवला, न बघता, जसा अंधारात दिव्याच्या बटणावर हात जातो तसा. तसाच राहू दिला. रांग पलीकडे गेली. खोलीत वारा तेवढा उरला. मग आईच्या कपाळाला आठी पडली.

'तो पहिला कुठे गेला गं?'

'कोण पहिला?'

'तो जड. थोरला. मागच्या वेळी होता की. आज नाही आला.' आई थांबून पुन्हा ऐकत राहिली, संपून गेलेल्या वाऱ्यात. घोट्यावरचा हात जरा घट्ट झाला.

'त्याच्या घरी कळवलं का कुणी?'